चिमण्या खरंच कमी झाल्या का? आपल्या आवारातले पक्षी मोजायला शिका

दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिमण्यांचे फोटो पडतात आणि खाली ठरलेलं वाक्य येतं: "आता कुठे दिसतात हो चिमण्या!" मग कोणी मोबाइल टॉवरला दोष देतं, कोणी कबुतरांना, कोणी बिल्डरला. या सगळ्या चर्चेत आकडा मात्र कोणाकडेच नसतो. पाच वर्षांपूर्वी आपल्या आवारात किती चिमण्या होत्या, हे सांगता येत नाही, कारण तेव्हा कोणी मोजल्याच नव्हत्या.

ही अडचण फक्त आपल्या सोसायटीची नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल आला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या जवळपास ३ कोटी नोंदी त्यामागे होत्या आणि हे बहुतेक लोक तुमच्या-आमच्यासारखे हौशी. अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला, पण लांब पल्ल्याचा कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा. त्यातल्या २०४ घटल्या, ९८ स्थिर, ३६ वाढल्या. उरलेल्या सहाशेंबद्दल काही म्हणता आलं नाही, कारण जुन्या नोंदी पुरेशा नाहीत.

त्या नोंदी आजपासून करायला दुर्बीण लागत नाही, जंगलात जावं लागत नाही. गॅलरी, टेरेस किंवा बिल्डिंगमागची चार झाडं पुरतात. कावळा, चिमणी, पोपट यांच्यापलीकडे फारसं ओळखता येत नसेल तरी चालेल. सुरुवात कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: एक जागा, एक वेळ

रोज दिसेल अशी एक जागा धरा आणि ती बदलू नका. आज गॅलरीतून, उद्या टेकडीवरून, परवा तळ्याकाठी असं मोजलं तर सहल छान होते, पण आवारात काय बदललं ते कळत नाही. जिथून एखादं मोठं झाड, थोडी झुडपं आणि आकाशाचा तुकडा असं तिन्ही दिसतं, ती जागा उत्तम.

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांतली. पक्षी तेव्हा सगळ्यात जास्त हलतात, बोलतात. दुपारी बाराला मोजायला बसलात तर कावळे आणि पारवे सोडून बाकी सगळे सावलीला गेलेले असतात. रोज जमलं तर छानच, नाहीतर आठवड्यातून एक वार ठरवा. रविवारी उठवत नसेल तर रविवार ठरवू नका. नेम टिकणं महत्त्वाचं.

कालावधी १५ मिनिटं. कधी १० मिनिटं, कधी तासभर असं करू नका. तासाभरात साहजिकच जास्त जाती दिसतात आणि मग पक्षी वाढले की तुमचा वेळ वाढला, हे वेगळं काढता येत नाही.

पायरी २: आधी पंधरा जण ओळखीचे करा

महाराष्ट्रातल्या शहरी आवारात नेहमी भेटणारे पक्षी पंधरा-वीसच असतात. मोठा चित्रसंग्रह पाठ करायला बसू नका, एका वेळी दोन-तीन शिका. कुठे गोंधळ होतो तेवढं सांगतो.

कावळे दोन. मान राखाडी असेल तो घरकावळा. सगळा काळा कुळकुळीत, जाड चोचीचा तो डोमकावळा. दोघांना 'कावळा' म्हणून एकत्र लिहिलंत तर त्या नोंदीचा उपयोग निम्मा होतो.

आपण ज्याला सरसकट कबुतर म्हणतो तो पारवा. होला त्याच्याहून सडपातळ, तपकिरी, शांत. मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शाल पांघरल्यासारखी दिसली तर तो ठिपकेवाला होला.

बुलबुलही दोन. शेपटीखाली लाल आणि डोकं काळं तो लालबुड्या. डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका तो शिपाई बुलबुल. काही भागांत एकच दिसतो, काही ठिकाणी दोन्ही.

कोकीळ नर काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. नवखे लोक तिला हमखास वेगळाच पक्षी समजतात. चिमणीचंही तसंच: गळ्याखाली काळा डाग असलेला तो चिमणा, फिकट तपकिरी ती चिमणी. नर-मादी ओळखता येणं पुढे मोजताना फार कामाला येतं.

मग छोटी मंडळी. जांभळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, उन्हाळ्यात उन्हात निळा-जांभळा चमकतो. पावसाळा संपल्यावर नराचा थाट उतरतो. मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. शिंपी मुठीत मावेल एवढा, पण आवाज अख्ख्या विंगला ऐकू जाईल असा. कुंडीतल्या रुंद पानाच्या दोन कडा कापसाने, कोळिष्टकाने टाचलेल्या दिसल्या तर पान तोडू नका, आत घरटं आहे. राखी वटवट्या मेंदीच्या किंवा कण्हेरीच्या कुंपणात असतो, शेपटी सतत वर-खाली करतो आणि उडताना पंखांचा कट-कट आवाज येतो.

दयाळ, तांबट, साळुंकी, पोपट, घार, भारद्वाज, कोतवाल हे फार चकवत नाहीत. तांबट दिसण्याआधी ऐकू येतो: टुक, टुक, टुक, एका लयीत, तांब्यावर हातोडी पडावी तसा.

मर्लिन नावाचं मोफत ॲप फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. नवशिक्यांनी ते जरूर वापरावं, पण सुचवलं म्हणून लगेच लिहू नये. ॲपने सांगितलं, मी त्या दिशेला पाहिलं, मला दिसलं किंवा तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला, मगच नोंद. नाही पटलं तर सोडून द्या. एक पक्षी सुटला तर काही बिघडत नाही, पण चुकीचा घुसला की तो यादीत राहतो.

पायरी ३: पंधरा मिनिटं

वही घ्या. वर तारीख, सुरुवातीची वेळ, हवा (ढग, पाऊस, वारा) लिहा आणि बसा. फोन खिशात.

समजा फेब्रुवारीतली सकाळ आहे, ७ वाजून १० मिनिटं. समोरच्या इमारतीवरून पारव्यांचा थवा उठला आणि गोल फिरतोय. एकेक मोजायच्या फंदात पडू नका. दहा पारवे केवढी जागा व्यापतात ते नजरेत बसवा आणि थव्यात असे किती तुकडे मावतात ते बघा. तीन तुकडे आणि वर दोन-चार: ३२ लिहा. तोच थवा पाच मिनिटांनी पुन्हा फिरून आला तर पुन्हा मोजायचा नाही.

इथेच नवे लोक अडखळतात. जास्वंदीवर चार चिमण्या आल्या, गेल्या, थोड्या वेळाने तीन आल्या. सात लिहायच्या का? नाही, चार. त्याच परत आल्या असतील. पण पहिल्या चारांत एकच चिमणा होता आणि नंतरच्या तिघांत तिघेही चिमणे असतील, तर त्यातले निदान दोन नवे, मग सहा. नर-मादी ओळखा म्हटलं ते यासाठीच.

पंधरा मिनिटांनी वहीत साधारण असं काहीतरी असेल:

पारवा ३२, घरकावळा ६, साळुंकी ४, लालबुड्या बुलबुल २, जांभळा शिंजीर ३ (एक नर, दोन माद्या), शिंपी १ (फक्त आवाज), तांबट १ (आवाज), घार १ (वरून गेली). चिमणी: नाही.

शेवटचा शब्द मुद्दाम लिहायचा. न दिसणं हीसुद्धा नोंद आहे आणि लोक नेमकी तीच लिहीत नाहीत. ज्या दिवशी काही 'भारी' दिसलं त्याच दिवशी वही उघडली, तर वर्षअखेरीला तुमचं आवार अभयारण्य वाटेल. पारव्यांचा कंटाळा आला म्हणून ते गाळणारेही भेटतात. गाळू नका, शहरात सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्यांच्याचबद्दल आहे.

वहीच्या कडेला आवारातले बदलही टिपा: मागची मेंदी काढली, समोरच्या प्लॉटवर खोदकाम सुरू, सावर फुलली, डासांची फवारणी झाली. दोन वर्षांनी आकडा का हलला हे शोधताना या ओळीच उपयोगी पडतात.

पायरी ४: नोंद सगळ्यांसाठी खुली करा

वही आपली असते, पण देशाच्या अहवालात ती मोजली जायची तर नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. खातं आणि ॲप मोफत आहे. एका जागी बसून मोजलं तर 'स्थिर' हा प्रकार निवडायचा. ३० मीटरच्या आत इकडेतिकडे झालात तरी चालतं. शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत दिलेत का? काही मुद्दाम गाळलं नसेल तर उत्तर 'हो'. हीच पूर्ण यादी. अशा यादीत चिमणी नसेल तर त्या वेळी ती दिसली-ऐकू आली नाही असा अर्थ निघतो. अर्धवट यादीतून तो निघत नाही.

जागेला नाव देताना फ्लॅट नंबर, आडनाव टाकू नका. यादी कोणालाही दिसते. परिसराचं ढोबळ नाव पुरेसं आहे. आणि कधी एखाद्या नोंदीवर परीक्षकाचा मेल आला, 'हे नक्की का?', तर मनाला लावून घेऊ नका. अनपेक्षित नोंदींची अशी चौकशी सगळ्यांचीच होते.

पायरी ५: वर्षाचं चक्र समजून घ्या

पहिल्या काही महिन्यांत उत्साहाने निष्कर्ष काढायची घाई होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून कोकीळ ओरडायला लागला की 'यंदा कोकीळ फार वाढलेत' असं वाटतं. ते हिवाळ्यातही तिथेच होते, गप्प होते इतकंच. विणीचा हंगाम आला आणि ते बोलायला लागले.

सावर आणि पांगारा फुलतात तेव्हा अख्ख्या परिसरातल्या साळुंक्या, कावळे, बुलबुल, शिंजीर त्या एका झाडावर लोटतात. फुलं गळाली की गर्दी पांगते. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात, थिरथिरा आणि करडा धोबी येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे परततात. याला घट म्हणत नाहीत.

म्हणून तुलना फेब्रुवारीची फेब्रुवारीशी, जूनची जूनशी. जानेवारीचा आकडा मेशी लावून बघू नका. आणि एका वर्षाच्या फरकावरून काहीही ठरवू नका. पाऊस लांबला, झाड उशिरा फुललं, शेजारी मांजर आलं, एवढ्यावरही आकडे हलतात. तीन वर्षं झाली की बोलायला तोंड फुटतं, पाच झाली की जरा ठामपणे बोलता येतं.

पायरी ६: आकडा वाचायचा कसा

सगळ्यात सोपी आणि भरवशाची रीत म्हणजे टक्केवारी. एका महिन्यात तुम्ही २० पूर्ण याद्या केल्या आणि त्यातल्या १२ मध्ये शिंपी आहे, तर शिंप्याची हजेरी ६० टक्के. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात १६ याद्यांपैकी ८ मध्ये असेल तर ५० टक्के. याद्या कमी-जास्त झाल्या तरी तुलना करता येते. देशाच्या अहवालातही गणिताचा पाया हाच आहे, वर बरीच संख्याशास्त्रीय चाळणी असते.

हजेरीच्या जोडीला एका वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्याही बघा. कारण नेहमी दिसणारा पक्षीसुद्धा घटत असू शकतो. याचं ठळक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथे आरएसपीबी ही संस्था १९७९ पासून दर जानेवारीअखेर बागेतल्या पक्ष्यांची एका तासाची मोजणी करते. एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले, तो आकडा लिहायचा. चिमणी त्या यादीत वर्षानुवर्षं पहिली येते. आणि तरीही दर बागेमागे दिसणाऱ्या चिमण्या १९७९ च्या तुलनेत जवळपास ६० टक्क्यांनी कमी झाल्या आहेत. पहिला नंबर टिकला, संख्या गेली. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना या मोजणीत घरबसल्या भाग घेता येईल.

आपल्याकडे चिमणीची गोष्ट वेगळी निघाली. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२० च्या अहवालात देशपातळीवर चिमणी साधारण स्थिर आढळली, मोठ्या महानगरांत मात्र हळूहळू कमी होताना. म्हणजे मुंबईकर आजोबांची तक्रार खरी आणि गावाकडच्या काकूंचं 'आमच्याकडे तर ढीग आहेत' हेही खरं. मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या, या लोकप्रिय समजुतीला मात्र त्या अहवालाला पुरावा सापडला नाही.

पायरी ७: कारणांकडे जपून जा

शहरात चिमणीला दोन गोष्टी मिळेनाशा झाल्या. वाड्यांची कौलं, वाशांमधल्या फटी, फोटोफ्रेममागची जागा गेली आणि काच-काँक्रीटच्या सपाट भिंती आल्या. घरट्याला जागा नाही. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही: चिमणी धान्य खाते, पण पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. झुडपं काढून पेव्हर ब्लॉक घातले, उरलेल्या हिरवळीवर फवारणी केली, की पिल्लांचं अन्न संपतं.

म्हणून गॅलरीत ज्वारी टाकली की चिमण्या वाढतील हे मला पटत नाही. आमच्याकडे तरी त्याने पारवेच वाढलेले दिसतात. पारवा मुळात कड्याकपारीतला पक्षी. एसीचा सांगाडा, डक्ट, खिडकीवरचं छज्जं त्याला कड्यासारखंच वाटतं, वर आयतं धान्य. देशाच्या अहवालात ठळकपणे वाढलेल्या जातींमध्ये पारवा आहे. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून वाद थेट उच्च न्यायालयात गेला, तेव्हा एकीकडे श्रद्धा होती आणि दुसरीकडे फुप्फुसाच्या आजाराची भीती. त्यात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण आपल्या आवारात पारवे नेमके किती आणि ते कुठे घरटी करतात, हे वहीत असलं तर कमिटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागत नाही.

वाढणाऱ्यांत मोर, कोकीळ आणि राखी वटवट्याही आहेत. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात, त्यामुळे कावळा जिथे सुखात तिथे तीही. उलट बाजूला नीलपंख, म्हणजे चास, देशभरात घटतोय. तो शेताच्या तारांवर बसणारा, त्यामुळे शहरी आवारातून तो गेला हे आपल्याला कळलंही नसतं.

पुण्यात, नागपुरात जुन्या बंगल्यांच्या भागात राहत असाल तर राखी धनेशवर नजर ठेवा. त्याला उंबर-वडाची फळं लागतात आणि ढोली असलेलं म्हातारं झाड. 'धोकादायक' म्हणून असं एक झाड गेलं की रोपं कितीही लावा, ती ढोली व्हायला कित्येक वर्षं जातात.

पायरी ८: थोडं करायचंच असेल तर

पाण्याचं मातीचं उथळ भांडं ठेवा, दोन इंचांहून खोल नको. रोज घासून पाणी बदला, नाहीतर पक्ष्यांआधी डासांची सोय होते. लाकडी घरटं लावणार असाल तर भोक सव्वा इंचाचं ठेवा. मोठं केलंत तर साळुंकी घुसते. सावलीत, दहा फूट उंचीवर, मांजर पोहोचणार नाही असं टांगा. बसायला काठी लावू नका, चिमणीला ती लागत नाही. कुंपणाला मेंदी, अडुळसा, कण्हेर असं दाट काहीतरी राहू द्या.

वर्षातून दोनदा एकत्र मोजण्याचे मुहूर्त आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' चालतो, भारत त्यात २०१३ पासून आहे. किमान १५ मिनिटांची यादी लागते, म्हणजे तुमची नेहमीचीच. दुसरा, महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर: मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्यायला हा आठवडा बरा, हवाही छान असते आणि हिवाळी पाहुणे आलेले असतात.

आणि एक काम एप्रिलमध्येच करून ठेवा. पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात, नेमकं तेव्हाच कावळ्यांची घरटी भरलेली असतात, काहींत कोकिळेची पिल्लं. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण दीड महिना लागतो. कोणत्या झाडावर कोणत्या फांदीला घरटं आहे याची यादी सेक्रेटरींना आणि माळीदादांना आधीच द्या. तेवढ्या फांद्या पिल्लं उडाल्यावर छाटायला बहुतेक जण तयार होतात.